हस्तसाक्षी

‘यंत्र खोटे बोलत नाही’ हे वाक्य गेल्या तीन वर्षांत मी इतक्या वेळा आणि इतक्या अधिकारी व्यक्तींच्या तोंडून ऐकले आहे, की आता ते कानावर पडताच माझ्या कपाळाची शीर उडू लागते. खोटे बोलण्यासाठी आधी बोलता यावे लागते. यंत्र मोजते, बोलतात ती त्याच्या भोवती उभी असलेली माणसे. हा साधा भेद एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवताना मी विद्यार्थ्यांच्या गळी उतरवीत आलो, आणि निवृत्तीनंतर जिल्ह्याच्या चालक-अपील समितीचा अशासकीय सदस्य झाल्यावर मीच तो विसरलो. पुढील हकिगत त्या विस्मरणाची आहे.

ज्यांचा अवजड वाहनांशी संबंध येत नाही, त्यांच्यासाठी आधी यंत्राविषयी थोडे सांगणे भाग आहे. पूर्वी चालक प्यायलेला आहे की नाही हे त्याला नळीत फुंकायला लावून ठरवीत. ट्रकचालकांनी या फुंकणीवर इतके उपाय शोधले होते, की एका ढाब्यावर दिवसभर दुसऱ्यांसाठी फुंकून देणारा एक निर्व्यसनी गृहस्थ अखेर सापडला आणि शासनाचा धीर सुटला. मग हस्तसाक्षी आली. माणसाने घेतलेल्या मद्याचा अगदी अल्पसा भाग, शंभरातला जेमतेम एक, घामावाटे आणि कातडीवाटे बाहेर पडतो. स्टिअरिंगच्या आवरणात प्लॅटिनमचा मुलामा दिलेली एक पट्टी बसवलेली असते. तळहातातून निघणारी मद्याची वाफ त्या पट्टीवर जळते, त्या जळण्यातून विजेचा सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो, आणि प्रवाह जितका मोठा तितका मद्यांश अधिक, असा हा हिशेब.

हाताला वरून मद्य लागले असेल तर? हा प्रश्न यंत्र बनवणाऱ्यांना सुचला नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. जंतुनाशक हातावर चोळले, तर प्रवाह झपाट्याने चढतो आणि तीन-चार मिनिटांत खाली येतो. आलेखावर काट्यासारखी रेघ दिसते. रक्तातून येणारे मद्य मात्र सावकाश चढते आणि दीर्घकाळ टिकते. तिथे टेकडी दिसते. यंत्र काटे सोडून देते. वीस मिनिटांहून अधिक टिकलेली टेकडी धरते. टेकडी धरली की ट्रक स्वतःच वेग कमी करीत पुढच्या थांब्यावर जाऊन उभा राहतो, कुलूपबंद होतो आणि तीन ठिकाणी संदेश धाडतो: परिवहन विभागाला, मालकाला, आणि चालकाने अर्जात लिहून दिलेल्या ‘साक्षीदार नातेवाइकाला’. ठसे जुळवूनच मोजणी होत असल्याने दुसऱ्याचा हात चालत नाही. तीन नोंदी झाल्या की अवजड वाहनाचा परवाना कायमचा जातो.

चालक या यंत्राला ‘सासू’ म्हणतात. हाताकडे बघते आणि घरी सांगते, म्हणून.

गहिनीनाथ खेडकरची तिसरी नोंद आमच्यासमोर अपिलाला आली, त्या सकाळी लेखनिक सोडून खोलीत पाच माणसे होती. अध्यक्ष दाभाडे, परिवहन खात्यातून निवृत्त झालेले आणि साडेबाराच्या जेवणाबाबत अत्यंत नियमित. मी. यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचा तरुण अभियंता निनाद, ज्याच्यापुढे टेबलावर प्रात्यक्षिकासाठी एक सुटे स्टिअरिंग बसवलेले होते. पाथर्डीकडचा गहिनीनाथ, पन्नाशीचा, रुंद हाडांचा, मनगटावर काळ्या दोऱ्याचे जाड वेढे. जालन्याहून लोखंडी सळ्या भरून घाटाखाली नेणारा. आणि त्याची बायको कौतिका. ती साक्षीदार नातेवाईक असल्याने नियमानुसार हजर होती. गावात तिची पिठाची गिरणी होती आणि त्या सकाळीही तिच्या कानाच्या पाळीवर थोडे पीठ राहिले होते.

“काय म्हणणं आहे तुमचं?” दाभाड्यांनी विचारले.

“मी पेलो न्हाई,” गहिनीनाथ म्हणाला.

“तिन्ही वेळा?”

“अकरा वर्षं झाली सायेब. थेंब न्हाई.”

निनादने आलेख पडद्यावर आणले. तिन्ही नोंदी एकाच मार्गावर, धामणदरा घाट उतरल्यानंतर साधारण अर्ध्या तासाने. तिन्ही टेकड्या एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या. “साहेब, ही बाहेरून लागलेल्या मद्याची रेघ नाही,” तो सौम्यपणे म्हणाला. मुलगा सौम्य होता हे मला मान्य केले पाहिजे. “शिवाय तिन्ही दिवशी घाटाच्या वरच्या दुकानातून एक-एक क्वार्टर खरेदी केल्याचं यांच्याच फोनवरून दिसतं.”

कौतिकाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिले. हे तिला नवीन होते.

“क्वार्टर घेतली?” तिने विचारले.

गहिनीनाथ खाली बघत राहिला.

“अवो, तुमाला इचारतेय. घेतली का न्हाई?”

“घेतली.”

“मंग ती काय रेडिएटरात वतली?”

दाभाडे हसले. मीही हसलो; ते आता आठवले की बरे वाटत नाही. कौतिकाने पदर आवळला आणि आमच्याकडे तोंड केले. “सायेब, माझा भाऊ अंबादास ह्यांच्याच गाडीवर दुसरा डायव्हर व्हता. अकरा वर्षांमागं त्याच घाटात गाडी दरीच्या कठड्याला धडकली अन् तो गेला. गाडी ह्यांच्या ताब्यात, चालवत व्हता तो, अन् हे दारू पिऊन मागल्या बाकड्यावर झोपलेले. त्याच्या मढ्यावर हात ठिवून ह्यांनी शपथ घेतली की बाटलीला पुन्यांदा शिवायचो न्हाई. त्या बोलीवर मी ह्यांच्यासंगं ऱ्हायले. आता ही सासू तीनदा माझ्या फोनवर आली. तुमी लायसन ठिवा न्हाईतर फाडा. ह्यांची पेटी मी वसरीत काढून ठिवलीय.”

त्यानंतर विचारण्यासारखे फारसे उरले नव्हते. औपचारिकता म्हणून मी गहिनीनाथला विचारले, की तुम्ही प्यायला नव्हतात तर त्याच वेळी रक्ताची तपासणी का करून घेतली नाहीत?

“पयल्या बारीलाच गेलो सर. गाडी लॉक झालेली. सहा किलोमीटर चालत ग्रामीण रुग्णालयात गेलो. ते म्हणले, पोलिसाची चिठ्ठी आना. पोलीस म्हणले, मशीननं रिपोर्ट दिलाय, चिठ्ठी कशापायी? म्हणलं, बरं, फुंकून दाखवतो. तर म्हणले, फुंकण्या साऱ्या वर जमा केल्या.”

“आणि दुसऱ्या वेळी?”

“दुसऱ्या बारीला म्हणले, तू मागंबी आल्ता ना?”

हे ऐकून मला संताप यायला हवा होता. आला नाही, कारण घड्याळात बारा वाजून दहा मिनिटे झाली होती आणि टेकड्या फार सुबक होत्या. अपील फेटाळण्याचे आम्ही तोंडी ठरवले. आदेश लिहिण्याचे काम दाभाडे नेहमीच माझ्यावर सोपवीत. माझी वाक्ये वरच्या कार्यालयातून परत येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

आदेश मी घरी लिहायला घेतला. तो चांगला उतरत होता. कार्य, कारण आणि अनुमान यांची मांडणी इतकी नेटकी झाली होती, की शेवटच्या परिच्छेदापूर्वी मी उठून स्वतःसाठी चहा केला. तारखांपुढे वार लिहिण्याची माझी सवय आहे. दाभाडे तिला चोखंदळपणा म्हणतात. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मी पहिली तारीख पाहिली. त्या चौकोनात काळा ठिपका होता. दुसरी तारीख पाहिली. तिथेही काळा ठिपका. तिसरी पाहण्यापूर्वी मी चहाचा कप खाली ठेवला.

तिन्ही नोंदी अमावास्येच्या होत्या.

हा माणूस आठवड्याला एकदा, कधी दोनदा त्या घाटातून उतरतो. चार महिन्यांपूर्वी मालकाने हस्तसाक्षी बसवलेला नवा ट्रक घेतल्यापासून त्याने अशा वीस खेपा केल्या होत्या. व्यसनी मनुष्य तिथी पाहून पितो काय? पीत असेल तर ते व्यसन कुठल्या प्रकारचे? आणि वीस खेपांतल्या सतरा वेळा यंत्राने त्याला स्वच्छ म्हटले होते, ते सतरा पुरावे मोजण्याची आम्हा तिघांपैकी एकालाही बुद्धी झाली नव्हती. मी आदेशाचा कागद उलटा करून ठेवला. स्वतःवर चिडण्याचा प्रसंग माझ्यावर क्वचित येतो. तो त्या संध्याकाळी यथासांग आला.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथला मी कार्यालयासमोरच्या चहाच्या टपरीवर बोलावून घेतले. तो टायरच्या दुकानात दिवस काढीत होता आणि तिथेच झोपत होता.

“अमावास्येला घाटात काय करता?” मी कोणतीही प्रस्तावना न करता विचारले.

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की मला उत्तर आहे हे कळले.

“तुमाला कुनी सांगितलं?”

“कॅलेंडरने.”

त्याने चहा बशीत ओतला. मग बोलला. त्याचे बोलणे मी शक्य तितके त्याच्याच शब्दांत देतो.

“घाटाच्या तिसऱ्या वळणावर म्हसोबाचा धोंडा हाये. तिथंच गाडी धडकली व्हती. त्या दिवशी अंबादास दोन रात्री जागा व्हता सर. मीच जागवला, खेप गाठायची म्हणून. माझ्याकडं क्वार्टर व्हती. तो म्हणला, ‘दाजी, घोटभर दे, डोळं मिटायलेत.’ मी म्हणलं, ‘तू चालवतोस, तुला न्हाई.’ अन् मी सारी पेलो, मागं जाऊन आडवा झालो. बरोबरच म्हणलो ना सर? चालवणाराला दारू द्यायची न्हाई. बरोबरच हाये ना?”

तर्कशास्त्रात त्याचे उत्तर होते, आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

“मंग तवापासनं दर खेपेला त्याची क्वार्टर त्याला देतो. वंजळीत घ्यायची, धोंड्यावर सोडायची. हात पुसायचा, निघायचं. सासू कधी बोलली न्हाई त्याला.”

“काटा,” मी म्हणालो. “आणि अमावास्येला?”

“अमावास्येला दोरा बदलतो.” त्याने बाही वर सारली. तोच काळा दोरा, जाड लोकरी-सुती धाग्याचा, मनगटावर घट्ट सात वेढे. सुनावणीत तो आम्हा सर्वांच्या डोळ्यांपुढे दोन तास होता. “सगळेच डायव्हर बदलत्यात. फक्त मी तो आधी त्या दारूत भिजवतो, निथळू देतो, अन् बांधतो. वास नाकापाशी ऱ्हायला पायजे अन् तोंडाला लावायची न्हाई. त्याच्याबिगर माझा हात आवरत न्हाई सर. पयलं वर्षभर तर रडत गाडी चालवायचो. अमावास्येला बाकीचे घाट टाळत्यात, म्हणून ती खेप मी मागून घेतो.”

म्हणजे असे. दारूत बुडवून निथळलेला धागा सात वेढ्यांत दाबून बसलेला. वरून बाहीचे झाकण, खालून अंगाची ऊब, आणि भोवती केबिनची बंद, थंड हवा, जिच्यात दारू लवकर उडत नाही. त्या ओल्या धाग्यातून मद्य तळहाताच्या मुळाशी थोडे थोडे झिरपत राहणार, आणि तो तळहात स्टिअरिंगवर. जंतुनाशकासारखे ते तीन मिनिटांत उडून जाणार नव्हते. अभियंत्यांनी ज्या एका खुणेवर रक्तातले आणि कातडीवरचे मद्य वेगळे ओळखले होते, ती खूणच एका ट्रकचालकाने आपल्या न पिण्याच्या व्रतासाठी, काहीही ठाऊक नसताना, हुबेहूब उभी केली होती.

“हे सुनावणीत का सांगितलं नाहीत?”

“ती तिथं बसली व्हती की.”

“मग?”

“मंग काय सर? तिला बोल दिलाय, बाटलीला शिवायचो न्हाई. अकरा वर्षं दर खेपेला शिवतोय. तिच्या भावाच्या धोंड्यावर वततोय. तिला काय सांगू, तो मागत व्हता अन् मी दिली न्हाई? हे तिला म्हाईतच न्हाई.”

“परवाना जाईल.”

“जाऊ द्या.”

“आणि ती तुम्ही प्यायलात असंच समजत राहील!”

“पेलेला नवरा तिनं आधी बघितलाय सर. त्याची सवय हाये तिला.”

मी उभा राहून इतक्या जोरात बोललो, की टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. मी म्हणालो, की खरे सांगितल्याने जे मोडेल ते खोटे मान्य केल्याने आधीच मोडले आहे. की न केलेल्या अपराधाआड केलेली गोष्ट लपवणे ही प्रायश्चित्ताची रीत नव्हे. की आपल्या पत्नीच्या वतीने तिची समजूत आपणच ठरवून टाकणे हा तिचा अपमान आहे. तिन्ही मुद्दे निर्दोष होते. गहिनीनाथने बशी संपवली, “येतो सर,” म्हणाला आणि टायरच्या दुकानाकडे चालू लागला.

अपुऱ्या नोंदींचे कारण देऊन मी दुसरी सुनावणी लावून घेतली. दाभाडे कातावले. “अहो, काळ्या ठिपक्यांवर निकाल फिरवायचा? वर काय सांगू?” मी म्हणालो, वर कॅलेंडर पाठवा.

त्या दिवशी मी फक्त एवढेच विचारले, “खेडकर, अमावास्येला घाटात काय होते, ते समितीला सांगायचे आहे का? नसेल तर माझ्याजवळचा आदेश तयार आहे, सही करतो.” आणि खरोखरच टोपण काढले. तो डाव असल्याचे मी नाकारीत नाही. पण तो फसला असता तर मला सही करावी लागली असती, हेही तितकेच खरे.

गहिनीनाथने टोपणाकडे पाहिले. मग त्याने समितीकडे पाठ केली, बायकोकडे वळला आणि सगळे तिला सांगितले. धोंडा, क्वार्टर, दोरा. आणि शेवटी ते घोटभराचे.

कौतिकाने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

“मागितली व्हती त्यानं?” तिने विचारले.

“व्हय.”

“काय म्हणला?”

“‘दाजी, घोटभर दे.’”

“दाजी म्हणला.” ती म्हणाली आणि तिचा आवाज एकदम चढला. “अन् अकरा वर्षं तुमी एकटेच त्याला भेटायला जाता? मला कुनी इचारायचं? माझा भाऊ का तुमचा?”

“अगं, तुला बोल दिल्ता...”

“बोल गेला खड्ड्यात! मी दर राखीला एकटी बसते घरात, अन् हे तिकडं त्याच्यासंगं बसायलेत!”

“बाई, शांत व्हा,” दाभाडे म्हणाले.

“तुमी गप बसा सायेब. हे आमचं चाललंय.”

दाभाडे गप्प बसले. निनाद मात्र अस्वस्थ झाला होता. “मला यांच्याबद्दल सहानुभूती आहे,” तो माझ्याकडे वळून म्हणाला, “पण दोऱ्याने टेकडी उमटणार नाही, सर. आम्ही चार हजार चाचण्या केल्यात. हातमोजे, क्रीम, अत्तर, सगळं.”

“दोरा?”

“दोरा कोण कशाला दारूत भिजवेल?”

“चार हजार चाचण्यांत एकही ट्रकचालकाने सुचवलेली होती काय?”

निनादने खिलाडूपणे स्वतःचा हात पुढे केला. “माझ्याच हाताला बांधा. मी आयुष्यात प्यायलेलो नाही. हे स्टिअरिंग माझ्याच नावावर आहे.”

सकाळी अकरा वाजता सरकारी कार्यालयात दारू कुठून आणायची, हा प्रश्न मी उपस्थित केला. शिपाई बाहेर गेला आणि दीड मिनिटात परत आला. त्याने ती कुठून आणली, हे कोणीही विचारले नाही. दाभाड्यांनी तर खिडकीबाहेर पाहिले. दोरा कौतिकाने सोडला. नवऱ्याच्या मनगटावरचे सातही वेढे तिने एक एक करून उलगडले, भिजवले, पिळून निथळू दिले आणि निनादच्या मनगटावर राखी बांधल्याप्रमाणे घट्ट बांधले. निनादने बाही खाली ओढली, स्टिअरिंग धरले आणि आम्ही चहा मागवला.

पहिल्या पाच मिनिटांत काटा दिसला. निनाद हसला. काटा मात्र खाली येईना. दहाव्या मिनिटाला तो रुंद झाला. पंधराव्या मिनिटाला निनादने हसणे थांबवले. एकविसाव्या मिनिटाला पडद्यावर टेकडी उभी होती, गहिनीनाथच्या तिन्ही टेकड्यांची चौथी बहीण, आणि स्टिअरिंगमधून एक मंजुळ स्त्रीस्वर म्हणाला, “आपण मद्याच्या अंमलाखाली आहात. वाहन बाजूला घेतले जात आहे.”

पाठोपाठ निनादचा फोन वाजला. नोंदणीचा अर्ज नातेवाइकाशिवाय पुढे सरकत नसल्याने त्याने आईचे नाव घातले होते, हे त्याच्या चेहऱ्यावरून आम्हाला समजले.

“आई, अगं नाही. नाही गं! ऑफिसचं काम आहे. दोरा... आई, दोरा. नाही, मी नीटच बोलतोय. अगं, मी बांधून घेतला! आई, यंत्र चुकलंय, ऐक तरी.” तो कोपऱ्यात गेला. थोड्या वेळाने तिथून त्याचा आवाज आला, “तुझ्या मुलावर विश्वास नाही का तुझा?”

“हाच प्रश्न,” मी दाभाड्यांना म्हणालो, “खेडकरांना बायकोला विचारण्याचीही सोय नव्हती.”

दाभाडे आलेखाकडे बघत हनुवटी चोळत होते. “म्हणजे मद्यांश होताच,” ते म्हणाले. “हाताला होता, पण होता. यंत्र खोटं बोललं नाही.”

त्या वाक्यावर मी काय बोललो, ते कार्यवृत्तात नाही; लेखनिकाने तेवढा वेळ लेखणी खाली ठेवली होती. तासभर लागला. साडेबारा वाजले, पाऊण वाजला, आणि भूक माझ्या बाजूने उतरली. तिन्ही नोंदी रद्द झाल्या आणि परवाना परत मिळाला. वरच्या कार्यालयाची शोभा राहावी म्हणून दाभाड्यांनी एक अट घातली: वाहन ताब्यात असताना चालकाने मद्याला हात लावू नये. मी विरोध केला. गहिनीनाथने केला नाही. त्याच्या उघड्या मनगटावर अकरा वर्षांत ऊन न लागलेला पांढरा पट्टा होता आणि तो त्यावरून अंगठा फिरवीत होता. पेटी वसरीतून आत गेली की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

निनादचे ऋण इथे नोंदवतो. दोन आठवड्यांनी त्याने मला राज्यभरातील नोंदींचे तिथीवार आकडे पाठवले. अमावास्येला नोंदी दुपटीहून अधिक होत्या. मी विभागाला सविस्तर लिहिले: यातले किती चालक त्या दिवशी जास्त पितात आणि किती नुसते दोरे, गंडे, नारळ, बाटल्या हाताळतात, हे तपासल्याशिवाय एकही परवाना रद्द होता कामा नये. विभागाचे उत्तर एका ओळीचे होते. तिथी हा विषय विभागाच्या अखत्यारीत येत नाही. एक सुधारणा मात्र तत्परतेने झाली. चालकांवर अन्याय होऊ नये म्हणून आता साक्षीदार नातेवाइकाला केवळ दोषी नोंद न कळवता प्रत्येक नोंद कळवली जाते. दर तासाला.

त्यानंतरच्या अमावास्येला कौतिकाचा फोन आला. “सर, दुपारी घाट उतरनार हाये. यायचं तर या. भांडायला कुनीतरी पायजे,” असे ती म्हणाली. केबिनमध्ये ती मधे बसली होती आणि मी खिडकीशी. मांडीवरच्या पिशवीत क्वार्टर होती. वरच्या दुकानातून ती तिने स्वतः घेतली होती आणि दुकानदाराला डोळे वर करून बघण्याची सोय ठेवली नव्हती. जालन्यापासून दर तासाला तिच्या फोनवर मंजुळ आवाज होत होता: चालक गहिनीनाथ खेडकर, मद्यांश शून्य.

“दिसतोय मला. शेजारीच बसलाय,” ती प्रत्येक वेळी फोनला सांगे.

“तिला ऐकू येत न्हाई,” गहिनीनाथ म्हणाला.

“तुमाला तरी कुठं येत व्हतं?”

तिसऱ्या वळणावर त्याने ट्रक कठड्याच्या आत घेतला. धोंडा लहानसा होता, शेंदूर फासलेला; त्याच्या एका अंगावर अकरा वर्षांच्या ओघळांची काळपट रेघ पडली होती. गहिनीनाथ दोन पावले मागेच थांबला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे धरले, एका हाताने दुसऱ्याचे मनगट पकडून. अट त्याने पाळली. कौतिका धोंड्यापुढे खाली बसली. बाटली उघडता येईना, तेव्हा तिने झाकण दातांनी सैल केले, ओंजळीत ओतून घेतले आणि ते दगडावर सोडले. मग पुन्हा, बाटली संपेपर्यंत. पिशवीतून नवा काळा दोरा काढून तिने तो त्या ओल्यात भिजवला आणि नवऱ्याकडे न पाहता स्वतःच्या मनगटावर बांधू लागली. एका हाताने गाठ बसेना. तो नकळत पुढे झाला.

“हात लावू नका,” ती म्हणाली. “सर, तुमी बांधा.”

मी सात वेढे मोजून बांधले. माझ्या बोटांना दारूचा वास लागला. एकूण आयुष्यात तो प्रथमच.

कौतिकाने ओला तळवा धोंड्यावर ठेवला.

“दोन रात्री जागलायस,” ती म्हणाली. “घे, अन् नीज आता.”

पिशवीतला फोन वाजला. तोच मंजुळ आवाज घाटात मोठ्याने घुमला: चालक गहिनीनाथ खेडकर, मद्यांश...

कौतिकाने धोंड्यावरचा हात न काढता दुसऱ्या हाताने फोन पिशवीत खोल दाबला.

“गप गं बये,” ती म्हणाली. “झोपू दे त्याला.”